श्रमदानानंतरची सभा

पिंपरी, चिंचवड आणि भोसरीतल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले. इथला बाजारहाट, लग्नाच्या याद्या, गावाकडच्या फेऱ्या सगळं त्या गुरुवारभोवती बेतलेलं असतं. नदीकाठची स्वच्छता, वृक्षारोपण आणि पर्यावरण कार्यशाळा मात्र रविवारी सकाळी सातला ठेवतात. त्या वेळी येऊ शकतात ते हिंजवडीत नोकरी करणारे, निवृत्त मंडळी, महाविद्यालयातली मुलं आणि उत्साही गृहिणी. भोसरीच्या प्लेटिंग शॉपमधला कामगार किंवा खराबवाडीच्या प्रेस शॉपमधला ऑपरेटर त्या वेळी फर्स्ट शिफ्टला उभा असतो. कोणत्या टाकीतलं पाणी कुठल्या चेंबरला जातं हे ज्याला डोळे मिटून सांगता येतं, तो माणूस नेमका आपल्या कार्यशाळेत नसतो. म्हणून या पुस्तिकेतली पहिली सूचना मला फार मोलाची वाटते: विषय, वक्ता, बॅनर यांच्या आधी वार आणि वेळ ठरवा, आणि तीही ज्यांना बोलवायचं आहे त्यांना विचारून.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात स्थानिक पातळीवर कार्यशाळा घेणाऱ्या, श्रमदानाला माणसं जमवणाऱ्या, सोसायटीच्या, प्रभागाच्या आणि गावाच्या सभांमध्ये पर्यावरणाचा प्रश्न मांडणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी ही पुस्तिका आहे. प्रस्तावना लिहिताना विषयाची ओळख करून द्यावी एवढीच अपेक्षा असते. ती करून देताना माझं एक मत मी आग्रहाने मांडणार आहे. या पट्ट्यात हातांची कमतरता नाही. हाक दिली की शेकडो माणसं नदीत उतरतात. उणीव आहे ती श्रमदान संपल्यानंतरच्या एका तासाची. त्या तासात खाली बसून जे पाहिलं ते लिहायचं, कुणाकडे काय मागायचं ते ठरवायचं, ठराव करायचा, अर्ज द्यायचा आणि पोहोच घ्यायची. हा तास कंटाळवाणा असतो, त्याचा फोटो चांगला येत नाही. पण या परिसरात जे काही बदललं, ते बहुतेक वेळा त्याच तासातून बदललं.

आधी भूगोल पाहू, कारण तो कळल्याशिवाय इथल्या कुठल्याही सभेत नीट बोलता येत नाही. पवना मावळातून येते. तिच्यावरच्या धरणातून सोडलेलं पाणी नदीतूनच वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथे महापालिका ते उचलते. रावेतच्या वर किवळे, गहुंजे, सोमाटणे या भागांत गेल्या काही वर्षांत उंच इमारती उभ्या राहिल्या, म्हणजे आपण ज्या ठिकाणी पिण्याचं पाणी उचलतो त्याच्याही वर आता मोठी वस्ती आहे. रावेतच्या खाली थेरगावचा केजूबाई बंधारा, चिंचवडचा मोरया गोसावींचा घाट, पिंपरी, कासारवाडी आणि शेवटी दापोडीला मुळेशी संगम. दुसरी नदी इंद्रायणी. लोणावळ्याजवळ कुरवंड्यात उगम पावून देहू, चिखली, मोशी, आळंदी करत ती तुळापूरला भीमेला मिळते. तिच्या एका काठाला महापालिकेची हद्द आणि पलीकडे खेड तालुक्यातली निघोजे, कुरुळी ही गावं, त्यांच्या मागे चाकण औद्योगिक वसाहत. आंद्रा धरणातून इंद्रायणीत सोडलेलं पाणी निघोजेच्या बंधाऱ्यावरून उचलून चिखलीच्या केंद्रात शुद्ध होतं आणि शहरात येतं. चाकणचा प्रश्न चाकणच्या लोकांनी सोडवावा असं म्हणणाऱ्या शहरवासीयाने आपल्या नळातलं पाणी कुठून येतं ते एकदा पाहावं.

1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पाठोपाठ मोठे वाहन कारखाने. 1970 मध्ये चार गावांची नगरपालिका झाली, 1982 मध्ये महापालिका, 1997 मध्ये भोवतालची गावं हद्दीत आली. एका पिढीच्या डोळ्यांदेखत ज्वारीची शेतं जाऊन शेड्स आल्या. टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांनी कारखान्याच्या जागेवर हजारो झाडं लावून घेतली, तळं राखलं, आणि त्या उजाड माळावर पक्षी आले. ही गोष्ट इथले जुने कामगार अजून अभिमानाने सांगतात. पण ते कुंपणाच्या आतलं काम होतं आणि एका दूरदृष्टीच्या माणसाच्या अधिकारात झालेलं होतं. कुंपणाबाहेरच्या ओढ्याला, नदीला असा कुणी एक मालक नसतो. तिथे अनेकांनी मिळून बसावं लागतं.

श्रमदानाबद्दल लिहिताना जलपर्णीपासूनच सुरुवात करायला हवी. पवनेवर दर उन्हाळ्यात हिरवा गालिचा पसरतो आणि त्याबरोबर डासांचे थवे थेरगाव, चिंचवड, सांगवीच्या घरांत शिरतात. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. अनुकूल पाण्यात तिचं क्षेत्र दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतं. वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबने पुढाकार घेऊन चालवलेल्या पवनामाईच्या मोहिमेत कितीतरी नागरिकांनी गुडघाभर, कमरेभर पाण्यात उभं राहून ती ओढून काढली आहे. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना ठाऊक आहे की ओली जलपर्णी किती जड असते, तिच्या मुळांत काय काय अडकलेलं असतं, आणि घरी गेल्यावर हातापायांना कशी खाज सुटते. या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. नदीला त्यांनी पुन्हा हात लावला. आधी बरीच वर्षं लोक पुलावरून नाक दाबून जात होते, निर्माल्याची पिशवी फेकण्यापुरतेच थांबत होते.

पण पुढच्या फेब्रुवारीत जलपर्णी पुन्हा येते. का? या प्रश्नाचं उत्तर शोधण्याची पद्धत या औद्योगिक पट्ट्यातल्या हजारो कामगारांना आधीपासून येते, आणि पर्यावरण कार्यशाळा घेणारे आपण ती कधी वापरत नाही. शॉपफ्लोअरवर एखादा जॉब रिजेक्ट झाला की क्वालिटी सर्कलमध्ये बसून ‘व्हाय-व्हाय’ करतात. जपानमध्ये 1962 पासून रुजलेली ही क्वालिटी सर्कल्स ऐंशीच्या दशकात भारतात आली आणि आज चाकणच्या लहान व्हेंडरकडेही फळ्यावर तो तक्ता दिसतो. तोच तक्ता नदीला लावून पाहा. जलपर्णी का वाढली? पाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर आहे. ते कुठून आलं? नाल्यातून आलेल्या मैलापाण्यातून. मैलापाणी शुद्ध न होता नदीत का आलं? नाला मलवाहिनीकडे वळवलेला नाही, किंवा वळवला आहे पण चेंबर भरून वाहतं आहे. चेंबर का भरून वाहतं? वाहिनी टाकली तेव्हा त्या गल्लीत बैठी घरं होती, आता सात-सात मजली इमारती आहेत. मग वाहिनी मोठी का केली नाही? इथवर आलं की प्रश्नाला पत्ता मिळतो. अमुक विभाग, अमुक नाला, अमुक लांबीची वाहिनी, पुढच्या अंदाजपत्रकातली अमुक तरतूद. आता अर्ज लिहिता येतो. ‘नदी स्वच्छ करा’ या मागणीला कुणीही मान डोलावून ‘हो’ म्हणतो. ‘या नाल्याचं मुख कधी बंद होणार, तारीख लिहून द्या’ असं विचारलं की टेबलापलीकडच्या माणसाला फाईल उघडावी लागते.

श्रमदानातले हात चेंबरपर्यंतही पोहोचतात, एवढंच या पुस्तिकेचं सांगणं आहे. जलपर्णी काढणाऱ्या गटातल्या दोघांनी त्या दिवशी नदीत न उतरता काठाने चालत जावं, प्रत्येक नाल्याचं तोंड पाहावं, वेळ, रंग, वास, फेस लिहावा, मोबाइलवर ठिकाणासह फोटो घ्यावा. पुढच्या महिन्यात तेच ठिकाण, तीच वेळ. वर्षभराची अशी वही हाती असली की सभेतला तुमचा शब्द वेगळ्या वजनाने ऐकला जातो. पुण्यातल्या जीवितनदी या संस्थेने ‘दत्तक घेऊया नदी किनारा’ म्हणून जो उपक्रम चालवला, त्यातही हेच सूत्र आहे. नदीचा एक तुकडा आपला मानायचा आणि तिथे जात राहायचं. 2002 पासून आळंदीहून पंढरपूरला होड्यांतून जाणारी डॉ. विश्वास येवले यांची जलदिंडीही वारीची ओढ पाण्याशी जोडते. वल्हवणारा माणूस नदीकडे पुलावरून पाहूच शकत नाही.

आता कार्यशाळेकडे येतो. आपल्याकडे कार्यशाळा म्हणजे बहुधा व्याख्यान, पडद्यावरची चित्रं, शेवटी चहा आणि प्रमाणपत्र. माणसं ऐकतात, हळहळतात, निघून जातात. त्यापेक्षा घाटाच्या पायरीवर एक टेबल मांडा आणि पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजून दाखवा. विंकलरची ही पद्धत शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे, महागडं यंत्र लागत नाही. काचेच्या बुचाची 300 मिलिलिटरची बाटली पाण्याखाली धरून, एकही बुडबुडा राहणार नाही अशी काठोकाठ भरायची. त्यात मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइडचं द्रावण पिपेटने तळाशी सोडायचं, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. आणि मग सगळ्यांनी नुसतं पाहायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. धरणाकडून आलेलं स्वच्छ पाणी आणि नाल्याच्या तोंडाशी घेतलेलं पाणी अशा दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की व्याख्यानाची गरज उरत नाही. नववीतली मुलगी आणि तिची आजी दोघींना ते एकाच क्षणी कळतं. पुढचा भाग मोजणीचा. थोडं सल्फ्युरिक आम्ल घातलं की साका विरघळून पाणी पिवळं होतं. त्यातलं 200 मिलिलिटर घेऊन ब्युरेटमधून 0.025 नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडायचं. पिवळा रंग फिका पडत आला की स्टार्चने तो निळा होतो, आणि शेवटच्या थेंबाला निळा रंग एकदम जातो. जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं, तितके मिलिग्रॅम प्राणवायू दर लिटरमागे. स्नानाच्या पाण्यात तो किमान 5 असावा, असं आपल्याकडचं मानक आहे. कार्तिकीला आळंदीत इंद्रायणीवर फेस तरंगत असतानाही भाविक श्रद्धेने बुडी मारतात. तो आकडा त्यांना माहीत असायला हवा. आम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवा, आणि हे काम रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कुणाच्या तरी देखरेखीखाली व्हावं. परिसरात इतकी महाविद्यालयं आहेत की असा शिक्षक मिळायला अडचण पडू नये.

मात्र याच कार्यशाळेत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपण मोजलेला आकडा आपल्याला समजण्यासाठी आहे. एखाद्या कारखान्यावर कारवाई व्हायची तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने 1974 च्या जल कायद्यातल्या कलम 21 प्रमाणे घेतलेला नमुना लागतो. मालकाला नोटीस देऊन, बाटली सीलबंद करून, तिच्यावर सह्या घेऊन. रात्री दोनला सोडलेल्या पाण्याचा नमुना सकाळी अकराला मिळत नाही. म्हणून नागरिकांची वही महत्त्वाची. कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी पाण्याचा रंग बदलतो याची महिनोन्महिन्यांची नोंद असेल, तर ‘याच वेळी या’ असं अधिकाऱ्यांना लेखी कळवता येतं. तक्रार आणि पुरावा यांच्यातलं हे अंतर न कळल्यामुळे किती तरी चांगले कार्यकर्ते निराश होऊन घरी बसले.

इथे कामगारांबद्दल थोडं सांगायला हवं. मी वर म्हटलं की प्लेटिंग शॉपमधल्या माणसाला सगळं ठाऊक असतं. पण त्याच्या ज्ञानावर त्याची भाकरी आहे. कंत्राटी कामगाराला उद्यापासून येऊ नको म्हणायला कारणही लागत नाही. त्याला भरसभेत ‘तुमच्या कंपनीचं सांगा’ असं विचारणं अन्यायाचं आहे. त्याच्याकडून प्रक्रिया समजून घ्या: जॉब धुतल्यावर पाणी किती लागतं, क्रोमियम-निकेल असलेलं पाणी वेगळं का साठवायचं, त्याचा गाळ घातक कचरा म्हणून रांजणगावच्या केंद्राकडे रीतसर कसा पाठवतात, त्याला खर्च किती येतो, लहान उद्योजकाला तो का परवडत नाही. एवढं कळलं की लहान उद्योगांसाठी सामायिक प्रक्रिया केंद्राची मागणी किती रास्त आहे ते आपोआप पुढे येतं. मग त्या सभेला उद्योजकांच्या संघटनाही येतात, कारण ती त्यांचीही गरज आहे. नाव घेऊन बोट दाखवण्याचं काम अधिकाऱ्यांचं, ते त्यांनाच करू द्यावं.

औद्योगिक शहरातल्या लोकांना काय करता येतं याचं एक उदाहरण मी नेहमी सांगतो, ते जपानमधल्या किताक्यूशूचं. पोलाद कारखान्यांचं शहर, बहुतेक घरांतले पुरुष त्याच कारखान्यांत. धुराने आभाळ दिसत नव्हतं, दोकाई उपसागरात मासा जगत नव्हता. 1950 आणि 60 च्या दशकांत तोबाता भागातल्या महिला मंडळांनी प्राध्यापकांची मदत घेऊन काजळी मोजायला सुरुवात केली. वाळत घातलेल्या कापडावर किती काळं बसतं, मुलं शाळेला किती दिवस दांडी मारतात, याचे तक्ते केले. 1965 मध्ये निळ्या आभाळाची मागणी करणारा छोटा चित्रपट स्वतः बनवला आणि तो दाखवत सभा घेतल्या. नवऱ्यांच्या नोकऱ्या त्या कारखान्यांत होत्या, म्हणून त्यांनी मोर्चाआधी मोजमाप हाती घेतलं. ते शहर आज पर्यावरण सुधारणेसाठी जगभर ओळखलं जातं आणि कारखाने अजून तिथे आहेत. आपल्याकडे बचत गटांच्या बायका दर महिन्याला बैठक घेतात, हजेरी लिहितात, ठराव करतात, पैशाचा हिशेब पै-पैने ठेवतात. सभा चालवण्याचं याहून चांगलं शिक्षण कुठे मिळतं? तरी आपण त्यांना बोलावतो ते कंपोस्ट आणि कापडी पिशव्यांच्या कार्यशाळेला. ओल्या-सुक्या कचऱ्याचं काम महत्त्वाचं आहेच. मोशीच्या डेपोशेजारी राहणाऱ्यांना विचारा. 2023 मध्ये तिथे 14 मेगावॉटचा कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प सुरू झाला, तरी घरात वेगळा न केलेला कचरा तिथे जाऊन सगळ्यांनाच त्रास देतो. पण या बायकांना नाल्याच्या वहीवरही बसवा.

मग सभा. खेड तालुक्यातल्या गावात राहत असाल तर तुमच्याकडे ग्रामसभेसारखं हत्यार आहे. कायद्याने वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे ज्या दिवशी कोरम भरला नाही म्हणून तुम्ही घरी गेलात, त्यानंतरच्या सभेत पंधरा-वीस माणसं गावाच्या गायरानाचा ठराव करू शकतात. हे नियम कोरडे वाटतील, पण चाकण पट्ट्यात गायरान, ओढा आणि डोंगर यांचं भवितव्य अशाच सभांत ठरलं आहे. विषय आधी लेखी द्या, अजेंड्यावर आला का पाहा, ठरावाला सूचक-अनुमोदक कोण ते आधी ठरवा, आणि सभा संपल्यावर इतिवृत्त वाचूनच उठा. कोऱ्या पानावर हजेरीची सही करून निघून जाऊ नका.

शिंदे-वासुलीचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. भामचंद्राच्या डोंगराच्या कुशीत, जिथे तुकोबांनी चिंतन केलं असं वारकरी परंपरा मानते, तिथे डाऊ केमिकल या कंपनीचं संशोधन केंद्र व्हायचं होतं. 2001 मध्ये डाऊने युनियन कार्बाइड विकत घेतली होती, त्यामुळे भोपाळची आठवण लोकांच्या मनात जागी होती. 2008 मध्ये गावकऱ्यांनी रस्ता अडवला. बंडातात्या कराडकरांसारखे कीर्तनकार आणि त्यांच्याबरोबर वारकरी उतरले. संघर्ष पेटला, बांधकामाची जाळपोळही झाली. शेवटी कंपनीला ती जागा सोडावी लागली. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. पण त्या आंदोलनाचं बळ कुठून आलं ते ध्यानात घ्या. देवळाचा सभामंडप, सप्ताहाची पंगत, कीर्तनानंतरची बैठक, म्हणजे एकमेकांना ओळखणारी आणि नेमाने एकत्र बसणारी माणसं तिथे आधीपासून होती. प्रकल्पाची माहिती सुरुवातीलाच गावासमोर मांडून, प्रश्नांना उत्तरं देऊन सभा झाली असती तर गोष्टी त्या थराला गेल्या असत्या का, हा प्रश्न प्रशासनाने स्वतःला विचारायला हवा.

9 ऑगस्ट 2011 ही तारीखही या परिसरातल्या प्रत्येक पाणीविषयक कार्यशाळेत सांगितली जावी. पवना धरणातून बंद नळाने निगडीपर्यंत पाणी आणण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. बऊर इथे द्रुतगती महामार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, तीन शेतकरी मरण पावले. शहरात नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येतं, म्हणून शहराची तहान खरी आहे. काठावरच्या शेतकऱ्याचं भयही खरं आहे. धरणाच्या वरचे आणि नळाच्या खालचे लोक एकत्र बसतील अशी सभा आजही नियमाने होत नाही. ती स्वयंसेवी गटांनी सुरू करावी. सरकारची वाट पाहण्याचं कारण नाही.

मोठ्या प्रकल्पांच्या जनसुनावणीचं एक स्वतंत्र प्रकरण पुस्तिकेत आहे, त्याची उजळणी मी करत नाही. 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे किमान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा, सुनावणीचं चित्रीकरण होतं, आणि जे बोललं गेलं ते तिथेच मराठीत वाचून दाखवावं लागतं. त्या वाचनापर्यंत थांबा. बांधकाम प्रकल्पांना मात्र या सुनावणीतून सूट आहे. ज्या शहराचा चेहरा गेल्या वीस वर्षांत बांधकामानेच बदलला, तिथे ही सूट मला अजिबात पटत नाही. त्यामुळे शहरात आपल्या हाती उरतात ती विकास आराखड्यावरच्या हरकती, वृक्षतोडीच्या नोटिशीवर सात दिवसांत द्यायची हरकत आणि क्षेत्रीय कार्यालयातल्या जनसंवाद सभा. मार्च 2022 नंतर जवळपास चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते. त्या काळात आठ क्षेत्रीय कार्यालयांतल्या या जनसंवाद सभा हाच अनेकांना एकमेव दरवाजा होता. मे 2025 मध्ये प्रारूप विकास आराखडा आला, तेव्हा हजारो नागरिकांनी हरकती नोंदवल्या, मोशी-आळंदी परिसरातले वारकरीही त्यात होते. लोकांना नकाशा वाचायची गरज पटली होती, वाचायला शिकवणारे फार थोडे होते.

नकाशा न वाचण्याची किंमत काय असते ते चिखलीत दिसलं. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले 36 बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार 17 मे 2025 रोजी महापालिकेने पाडले. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतली. नदीच्या हक्काची जागा नदीला मिळाली हे योग्यच झालं. पण त्या घरांत आयुष्यभराची पुंजी घातलेली कुटुंबं होती, त्यांच्या डोळ्यांसमोर पोकलेन फिरला. प्लॉट घेण्याआधी गट नंबर पूररेषेच्या नकाशावर शोधायला शिकवणारी दोन तासांची कार्यशाळा प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक कंपनीच्या कँटीनमध्ये घेता येईल. गुंठेवारीत पैसे घालणारे बहुतेक जण कामगारच असतात.

झाडांबद्दल थोडक्यात. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून इथे दरवर्षी मोठ्या संख्येने रोपं लावली जातात, बहुतेक 5 जूनला, पाऊस नीट लागायच्या आधी. रोपं जुलैत लावा आणि पुढच्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचा खर्च त्याच निधीत धरा. नदीकाठी वाळुंज, उंबर, करंज, जांभूळ लावा, शोभेची झाडं दुभाजकांना ठेवा. किती लावली यापेक्षा तिसऱ्या वर्षी किती जगली, तो आकडा कंपनीला विचारा.

आणखी एक अवघड बाब. चाकण, महाळुंगे, निघोजे, मोई या गावांत भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांची संख्या मोठी आहे. कुणी बीड-लातूरचे, कुणी बुलढाण्याचे, कुणी बिहार-उत्तर प्रदेशचे. त्यांचं नाव गावच्या मतदारयादीत नाही म्हणून ग्रामसभेत त्यांना मत नाही. पण ओढ्याकाठच्या खोलीत तेच राहतात, टँकरचं पाणी तेच पितात. काही गावकरी म्हणतात, हेच लोक घाण करतात. खोलीमालकाने शोषखड्डा बांधला नाही, तर भाडेकरूने मैलापाणी कुठे न्यायचं? कार्यशाळा मराठीत घ्यावी, तिथे हिंदीत प्रश्न विचारणाऱ्यालाही उत्तर मिळावं, आणि खोलीमालकांना पहिल्या रांगेत बसवावं.

पुस्तिका वाचून झाल्यावर ती कपाटात ठेवू नका. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा किंवा तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाची पुढची जनसंवाद सभा कधी आहे ते आजच विचारून घ्या. एक नाला निवडा, एक वही घाला, शेजारच्या दोन घरांतून एकेक माणूस सोबत घ्या, त्यातला एक तरी शिफ्टला जाणारा असू द्या. सभेला जाताना अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही, शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका.